लिहून दिलेला भाव

अमरावती शहर व जिल्ह्यातील समस्त गिटारवादकांस, गिटार वाजवू इच्छिणाऱ्यांस, तसेच ज्यांच्या घरी गिटार वाजल्यामुळे शेजाऱ्यांशी बोलणे बंद आहे अशा सर्व कुटुंबांस अत्यंत गंभीर अंतःकरणाने कळविण्यात येते की, इतवारा बाजाराजवळील हबीब मिस्त्री यांची मिशी येत्या सोमवारपासून पांढरी राहील. कोणीही घाबरून चौकशीस येऊ नये. मिस्त्रींची तब्येत ठणठणीत आहे. त्यांची वेबसाइट बदलली आहे, एवढेच.

हे निवेदन मी स्वखर्चाने छापून गल्लीत वाटणार होतो. मजकूर तयार होता, खाली 'आपला नम्र' म्हणून माझं नावही होतं. मिस्त्रींनी हात जोडले. "भाऊ, अशी इज्जत नका काढू," म्हणाले. म्हणून राहिलं. पण त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मिस्त्री जाऊन आता काही वर्षं झाली, त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकतात, तेव्हा सांगायला हरकत नाही.

माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या बरोबर समोर. मधे आठ पावलांची गल्ली आणि एक कायमची तुंबलेली नाली. गिऱ्हाईक नसलं की मी समोर पाहत बसायचो, आणि माझ्या दुकानात गिऱ्हाईक बहुतेक नसायचंच. त्यामुळे हबीब मिस्त्री मला तोंडपाठ आहेत. उंच, काटकुळा माणूस, भुवयांवर भुसा, कानावर पेन्सिल. ओशाळले की कानावरची पेन्सिल काढायची आणि तिचं टोक निरखत बसायचं, ही सवय. दिवसाचा बराच वेळ ते पेन्सिलीचं टोक निरखत असत.

वडील नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यात बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बनवायचे. चार एकर कापूसही होता. पुढे ट्रॅक्टर आले, बंड्या बनवून घ्यायला कोणी येईना, आणि मिस्त्री शहरात येऊन खुर्च्या-टेबलं ठोकू लागले. एक दिवस चर्चमधल्या गाणाऱ्या मंडळींची मान तुटलेली गिटार त्यांच्याकडे दुरुस्तीला आली. तिथून गिटारी बनवायचा धंदा सुरू झाला. कसा, ते त्यांच्याच शब्दांत: "उघडून पाह्यली, तं आतमंदी काहीच नाई. नुस्ती हवा. म्हनलं, एवढं तं आपल्यालेबी जमन."

जमलं. मेळघाटच्या सागाची गिटार, पॉलिश असं की तोंड दिसावं. तयार झाली की कानाजवळ धरून टरबुजासारखी टिचकी मारून पाहत. आवाज पटला नाही तर पुन्हा उघडत. "भाऊ, याले पोट हाय, कंबर हाय, मान हाय," एकदा मला समजावून सांगत होते, "पाय तेवढे नाई. म्हनून गिऱ्हाईक नेईपर्यंत दुकानात राह्यते."

लाजेच्या बाबतीत मात्र हा माणूस विचित्र होता. लोक आपल्या चुकीची लाज बाळगतात, तीही सवडीनं. मिस्त्री दुसऱ्यांच्या चुकीचीसुद्धा उचलून आणत. गणपतीतल्या एका ऑर्केस्ट्रात त्यांच्या हातची गिटार एक गृहस्थ इतकी बेसूर वाजवत होते की पुढच्या रांगेतली कुत्री उठून गेली. वाजवणारा मजेत मान डोलावत होता. मिस्त्री माझ्या बाजूला मान खाली घालून बसलेले. मी म्हटलं, "अहो, तुम्ही काहून लाजता? बेसूर तो वाजवून राह्यला."

"हव. पन गिटार तं माही हाय ना, भाऊ."

अशा माणसाच्या आयुष्यात वेबसाइट आली.

गल्लीच्या तोंडाशी सायबर कॅफे निघालं तेव्हाची गोष्ट. त्या कॅफेवाल्यानं मिस्त्रींना पटवलं की आता गिऱ्हाईक दुकानात यायच्या आधी कॉम्प्युटरवर येईल. त्यानं एका दुपारी साइट बनवून दिली. काय साइट होती! उघडल्याबरोबर सनईसारखं काहीतरी जोरात वाजायचं आणि बंद कुठून करायचं ते बनवणाऱ्यालाही माहीत नव्हतं. वर 'सुस्वागतम' अशी पट्टी डावीकडून उजवीकडे धावायची. दोन्ही बाजूंना दोन पणत्या, अखंड तेवत. मधे मिस्त्रींचा फोटो, कोळशासारखी काळी मिशी. आणि खाली ठळक अक्षरांत भाव: एक गिटार, तीन हजार रुपये.

मग कॅफे बंद पडलं. तिथे मोबाईल रिचार्ज आलं, मग चिकन सेंटर आलं. कॅफेवाला सुरतेला गेला, जाताना साइटची किल्ली, म्हणजे पासवर्ड, डोक्यात घेऊन गेला. साइट मात्र जागच्या जागी. पणत्या तेवत राहिल्या.

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, राहू दे, कोण पाहते? मिस्त्रींचं तसं नव्हतं. साइटवर जे लिहिलं आहे ते आपण लिहून दिलेलं आहे, असं ते मानत. आणि लिहून दिलं ते पाळायचं. साइट बदलता येत नव्हती, म्हणून ते स्वतःला बदलत गेले.

सुरुवात चहापासून झाली. एक दिवस अंजनगाव सुर्जीचे एक मास्तर गिटार पाहायला आले, पाहून झाली, तरी उठेनात. शेवटी संकोचून म्हणाले, "तुमच्या साइटवर इंग्रजीत लिहिलं आहे, येणाऱ्या प्रत्येकाला चहा मोफत." कॅफेवाल्यानं स्वतःच्या मनानं टाकलेलं ते वाक्य मिस्त्रींना त्या दिवशी प्रथम कळलं. पेन्सिल कानावरून निघाली. टोक निरखून झालं. आणि त्या दिवसापासून दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला चहा सुरू झाला. वीजबिलवाल्याला, पत्ता विचारणाऱ्याला, मला तर दिवसातून तीनदा. दुकान सकाळी आठला उघडतं असं साइटवर होतं, म्हणून आठाच्या ठोक्याला शटर वर.

मग शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे बागाईतदार आले. हातात मोबाईल. एकदा मोबाईलमधल्या फोटोकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे. विचारलं, "हे तुमचे वडील का? दुकानात बसतात का अजून?"

संध्याकाळी मिस्त्री माझ्याकडे आले आणि खालच्या आवाजात विचारलं, "भाऊ, मिशीले काय लावता लोकं?"

दुसऱ्या दिवशी मिशी काळी. डोकं पांढरं, भुवया भुसकट, आणि मधे ती मिशी, पोस्टातल्या शिक्क्यासारखी. शकीलाभाभी, म्हणजे त्यांच्या कारभारीण, मागच्या खोलीत शिलाई मशीन चालवत. त्या बाहेर आल्या, नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "भाईसाब, हमारे घर में दो बीवियाँ हैं. एक मैं, एक ये वेबसाइट. सुनते उसीकी हैं."

मी हसलो. गल्ली हसली. मिशीवर हसण्यासारखं होतंच. पण भावावर हसणं कठीण होत चाललं होतं.

साग महागला, तारा महागल्या, खुंट्या महागल्या. साइटवरचे तीन हजार तसेच. नुसतं सामानच तीन हजारांच्या पुढे गेलं तेव्हा भाभींनी मशीन थांबवून मला सांगितलं, "अब हर गिटार के साथ थोड़ा हमारा घर भी जाता है." गल्लीतून कोणी आलं आणि त्यानं भाव विचारला, तर मिस्त्री अडखळत सहा हजार म्हणत. पण गिऱ्हाईकानं 'साइटवर पाहिलं' म्हटलं की संपलं. पेन्सिल, टोक, तीन हजार. आणि लोकांना हे कळायला किती वेळ लागतो? गल्लीत राहणारेसुद्धा आधी मोबाईलवर साइट उघडून, सनई वाजवत दुकानात शिरू लागले. समोर बसून मी ती सनई ऐकायचो आणि मला कळायचं, आणखी एक चालला मिस्त्रींना नागवायला. सनई वाजली की मिस्त्री खाली पाहत. सनई वाजवणारा मात्र ताठ.

दुकान आता फार तर दिवाळीपर्यंत, असं भाभी म्हणू लागल्या.

माझ्याकडे रुपाली नावाची एक मुलगी चष्म्याला यायची. अकोल्यात वेबसाइट बनवायचं काम करायची, माहेर इथलं. मी तिला समोर पाठवलं. तिनं साइट पाहिली. सनई ऐकली. पणत्या पाहिल्या. मग आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तशा हलक्या आवाजात म्हणाली,

"हे दुरुस्त नाही होणार काका. साइटचा पत्ता तुमच्या नावावर करून घेऊन त्यावर नवीच करावी लागेल. बारा हजार लागतील."

"बारा हजार!" मिस्त्री म्हणाले. "एवढ्यात तं चार गिटारी होतात."

"तुमच्या जुन्या भावानं चार. खऱ्या भावानं दोन."

आतून मशीनचा आवाज थांबला. भाभी दारात. "बेटी, तू रोज आया कर," म्हणाल्या.

पण अडचण बारा हजारांची नव्हतीच. रुपाली म्हणाली, नव्या साइटवर जुना भाव काढून नवा टाकते, दोन मिनिटांचं काम. त्यावर मिस्त्रींचा चेहरा असा झाला की जणू तिनं काही अभद्र सुचवलं.

"म्हंजे खाडाखोड?"

"खाडाखोड कशाची काका? अपडेट."

तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. मला वाटतं, भाभींनाही ती नीट माहीत नव्हती. लग्नाआधी ते वडिलांबरोबर कापसाची गाडी घेऊन बाजारात गेले होते. व्यापाऱ्यानं भाव बोलला, चिठ्ठीवर लिहून दिला. गाडी जिनिंगवर नेली, कापूस ढिगावर ओतला. गाडी खाली झाली आणि मग व्यापारी म्हणाला, माल ओला आहे. चिठ्ठी परत घेतली, आकडा खोडला, वर दुसरा लिहिला. ढिगावर ओतलेला कापूस परत कसा भरणार? त्यातला आपला कोणता, दुसऱ्याचा कोणता?

"त्यानं खोडलं, अन हसून राह्यला होता," मिस्त्री म्हणाले. "मान खाली घातली माह्या बापानं. आख्खा रस्ताभर बोलला नाई. चोरी त्याची, अन शरम आमच्या गाडीत."

"पण काका," रुपाली म्हणाली, "तुम्ही कुठे कोणाची गाडी खाली करून घेतली?"

"काहून नाई? मानूस अकोल्याहून निंगाला, भाव पाहून निंगाला. इथवर आला, म्हंजे त्याची गाडी खालीच झाली ना. आता मी म्हनू, सहा हजार?"

तोडगा शेवटी रुपालीनंच काढला: जुना भाव पुसायचा नाही. तो तसाच ठेवायचा, त्यावर एक आडवी रेघ मारायची, खाली नवा लिहायचा. सगळ्यांना दिसेल की आधी काय होतं.

मिस्त्रींनी विचार केला. "अन रेघेच्या बाजूले सही."

"वेबसाइटवर कोणी सही करत नाही काका."

"खोडलं तं सही लागते. तहसिलातबी लागते."

झाली. कागदावर सही केली, एकदा मराठीत, एकदा उर्दूत, रुपालीनं त्या सहीचा फोटो काढून भावाशेजारी चिकटवला. जगात दुसरी अशी साइट असेल तर मला दाखवा. पांढऱ्या मिशीचा नवा फोटो आला, सनई गेली. पणत्या मिस्त्रींच्या आग्रहाखातर राहिल्या. अर्धे पैसे रोख आणि अर्ध्यांच्या गिटारी घेते, असं रुपाली म्हणाली. हिशेब कोणत्या भावानं झाला ते तुम्हाला कळलंच असेल. भाभी त्या दिवशी आतून बाहेरच आल्या नाहीत.

तरी पण तो एक आठवडा बरा गेला. दोन माणसं आली, सहा हजार देऊन गेली, एकानंही कटकट केली नाही. मिस्त्री संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसले आणि पेन्सिलीला हात न लावता पुरा चहा प्याले.

आणि मग अकोल्याचे ठोसर सर आले.

त्या वर्षांत आमच्याकडे कापूस पिकत नव्हता, पिकला तर भाव नव्हता. पण क्लासेसचं पीक जोमात होतं. इंग्रजी बोलायचे क्लास, कॉम्प्युटरचे क्लास, आणि टीव्हीवर गाणारी मुलं दिसू लागल्यापासून गिटारीचे. पोरगं शेतीत नको, कशात तरी लागू दे, म्हणून खेड्यातले आईबाप मुलांना या क्लासांत आणून सोडत. ठोसर सरांचा क्लास असाच. परीटघडीचा झब्बा, गळ्यात सोन्याची साखळी, बोलणं तुपात तळलेलं.

"मिस्त्री, वीस गिटारी पाहिजेत. गरिबांची लेकरं आहेत हो, खेड्यापाड्यातली."

मिस्त्रींचा चेहरा उजळला. भाभी चहा टाकायला वळल्या. वीस गिटारी म्हणजे दुकान उभं राहिलं.

सरांनी झब्ब्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. जुन्या साइटचा छापील कागद. काळी मिशी, पणत्या, तीन हजार. "आता मोबाईलवर वेगळंच काहीतरी दिसतं म्हणे. पण मी तुमचा हा भाव पाहूनच निघालो. छापून ठेवला होता. तुमचा शब्द म्हणून."

मला वाटलं, आता तरी हा माणूस भांडेल. भाभी मागून म्हणाल्या, "सर, ओ भाव तो गया. उसपे लकीर है, दस्तख़त है."

"वहिनी, माझ्या कागदावर कुठे आहे लकीर?" सर हसत म्हणाले.

मिस्त्रींनी कागद हातात घेतला. लकीर नव्हती. ते त्या कागदाकडे असे पाहत होते, जणू तो त्यांच्याविरुद्धचा पुरावा आहे. "सर, माफ करा," म्हणाले, "तुमाले इथवर आल्यावर हे आयकावं लागलं." आणि वीस गिटारी तीन हजारांच्या भावानं लिहून घेतल्या.

सर गेल्यावर भाभी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. सांगितलं, मशीन आता रात्रीही चालेल, आणि आत गेल्या. मिस्त्रींनी दोन महिन्यांत वीस गिटारी पुऱ्या केल्या. मी मुद्दाम पाहत होतो, एखादीत तरी हलकं लाकूड घालतात का. प्रत्येक गिटार टिचकी मारून पाहिली. तीन पुन्हा उघडल्या.

क्लासचा वार्षिक कार्यक्रम अकोल्याला होता. सरांनी मिस्त्रींना सत्काराला बोलावलं. शाल, नारळ, फोटो. क्लासच्या जाहिरातीला बरं दिसतं. एकट्याला भीती वाटते म्हणून मिस्त्री मला घेऊन गेले. मूर्तिजापूर येईपर्यंत एकच विचारत होते, "बोलाले तं नाई लावनार ना, भाऊ?"

सभागृह भरलेलं. सकाळच्या एसटीनं आलेले आईबाप, मांडीवर थैल्या, पायांशी पाण्याच्या बाटल्या. स्टेजवर वीस मुलं, वीस गिटारी, दिव्यांत त्यांचं पॉलिश चमकत होतं. मुलांनी वाजवलं. सुरात होतं की नाही ते मला कळत नाही; मिस्त्रींनी या वेळी मान खाली घातली नाही, एवढं खरं.

मग सत्कार झाला. सरांनी शाल पांघरली, फोटोवाल्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "आता या आपल्या मातीतल्या कलावंतानं दोन शब्द बोलावेत." मिस्त्री बोलणार नाहीत याची त्यांना पक्की खात्री होती, आग्रह इतका मोकळा होता तो त्यामुळेच. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी हातानं 'नाही, नाही' केलं. त्यांनी माईक घेतला.

हबीब मिस्त्री म्हटलं की मला आजही ते असेच डोळ्यांपुढे येतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर घसरलेली शाल, एका हातात नारळ, दुसऱ्यात माईक. पेन्सिल काढायला हातच मोकळा नाही. लाजेनं कानापर्यंत लाल झालेले.

"सलाम, नमस्कार. मले बोलता येत नाई. पन मनावर एक वझं हाय, ते सांगतो. तुमी आता माही वेबसाइट पाह्यसान, तं तिथं भाव खोडेल हाय. दुसरा लिहेल हाय. ते मी केलं. दुसऱ्या कोनाचा दोष नाई त्याच्यात. मले त्याची शरम वाटते, म्हनून तुमच्याम्होरं माफी मांगतो. पन तुमच्या लेकराईच्या गिटारीले मी तो नवा भाव नाई लावला, बाप्पा. सर जुना भाव पाहून निंगाले होते, तं मी जुनाच घेतला. तीन हजार. त्याच्यावर माह्या हातून एक रुपया जास्त घेतल्या गेला असन, तं आताच सांगा. मी परत करतो."

स्टेजवर एका मुलाचा हात तारेवर पडला. ठोसर सर हसत हसत पुढे आले आणि त्यांनी माईककडे हात लांबवला. तिसऱ्या रांगेत एका बाईनं मांडीवरची थैली शेजारणीकडे दिली, पदर खोचला आणि उभी राहिली.

"तीन हजार? अन मंग सरनं आमच्यापासून सात कायचे घेतले वं माय?"